हातभर अंतरावर

रंभाने मूठ आवळली आणि पाळण्याच्या दोन गजांमधून घातली. मूठ आरपार गेली. बांगड्या तेवढ्या लाकडावर खळकन वाजल्या.

"हे पाहा भाऊ," ती म्हणाली. "हात जाते."

मुखरू वाढई रंधा बाजूला ठेवून उठला. सागाचा तो पाळणा त्याने मन लावून केलेला होता. वर राघू कोरले होते, खाली उभा राहण्यासाठी चौकट होती.

"पोराचं डोकं तुमच्या मुठीहून मोठं राह्यते, बाई. जात नाई."

"अंग जाईल. मंग डोकं अडकेल. ते तर अजून वाईट."

मुखरूने गजांकडे पाहिले. रंभाने पाळण्याच्या कडेला तळहात टेकवून थोडा जोर दिला. चौकटीचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले.

"मोटारीत हा कुठी ठेवू?"

"टपावर बांधून देते ना ते."

"आन पोरगी?"

मुखरूला हसू आले, पण तिचा चेहरा पाहून ते त्याने आवरले. तीन महिन्यांची लेक घेऊन ही बाई नवऱ्याकडे निघाली आहे, हे त्याला ठाऊक होते. तिचा नवरा लटारू कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी शाळामास्तर होता. इथून बैलगाडीने मूल गाव, तिथून मोटार, मग वैनगंगा ओलांडायला डोंगा, पुन्हा मोटार, आणि शेवटी पुन्हा बैलगाडी. वाटेत दोन मुक्काम.

"तुमाले हलकं पाहिजे, खाली ठेवता येईल असं पाहिजे," मुखरू म्हणाला. "मंग लाकूड नका पाहू. गोंडटोल्यावर सुकरी हाये, तिले बांबूचं सांगा. मी केलं असतं, पण हे माह्या हातचं काम नाई."

रंभा घरी आली तेव्हा सासू गुणाबाई आढ्याला बांधलेल्या झोळीला झोका देत होती. झोळीत लेक झोपली होती. लुगड्याचे कापड दोन्ही बाजूंनी मिटले होते आणि आतले काही दिसत नव्हते. रंभाने कापड बाजूला सारून पाहिले. लेकीची हनुवटी छातीला टेकली होती. तिने दोन बोटांनी हनुवटी वर केली, तशी लेकीने तोंड वाकडे केले आणि पुन्हा झोपली.

"भेटला पाळणा?"

"नाई."

"कायले जिवाले तरास करून घेतेस? पोरगी इथी राहू दे. वर्साची झाली का घेऊन जाजो. गाईचं दूध हाये, मी हाये."

गुणाबाईने कारण सांगितले नाही, रंभानेही विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी, पौषात, रंभाचा पहिला मुलगा गेला होता. सव्वा महिन्याचा होता. पहाटे ती जागी झाली तेव्हा तो तिच्या दंडाशी होता आणि थंड होता. आवाज ऐकून गुणाबाई धावत आली. "झोपीत दाबलं वो पोराले," एवढेच तिच्या तोंडून निघाले. त्यानंतर तिने तो शब्द पुन्हा कधी काढला नाही. पण दारात जमलेल्या बायांनी तो ऐकला होता आणि गावाला तेवढे पुरले. रंभाला तो आरोप वाटलाच नाही. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट कोणीतरी येऊन सांगावी, तसा तिने तो ऐकून घेतला.

तेव्हापासून ती अंग टाकून झोपत नसे. ही लेक झाल्यावर तर नाहीच. पाजून झाले की लेकीला सासूच्या स्वाधीन करायची आणि आपण भिंतीला पाठ लावून बसायची. डोळा लागला तर लागला. डोळ्यांखाली काळे झाले होते. लटारूच्या पत्रात दर खेपेला एकच ओळ असे, दोघींना न्यायला येतो. आता माघ लागला होता आणि लटारू यायला आठ दिवस उरले होते. तिथे गुणाबाई नसणार होती. लेकीला वेगळे झोपवायला सुरक्षित काही मिळाले नाही तर लेक इथेच राहणार होती, हे बोलून न दाखवता ठरल्यासारखेच होते.

दुसऱ्या दिवशी रंभा गोंडटोल्यावर, गोंडांच्या वस्तीवर गेली.

सुकरी अंगणात बसून कामट्या तासत होती. चाळिशीची, हाडापेराने मोठी बाई. रंभा बोलत राहिली आणि ती ऐकत राहिली. बूड रुंद पाहिजे, तोंड अरुंद, म्हणजे उलटणार नाही. फटी अशा की वारा जाईल पण करंगळी जाणार नाही. कडा बोचायला नकोत. उंची एवढीच की शेजारी जमिनीवर पडल्या पडल्या हात आत पोचला पाहिजे. आणि एका हाताने उचलता आले पाहिजे.

"एवढं तर कोणी सुपालेही सांगत नाई," सुकरी म्हणाली. पण तिने काडी मोडून लांबी-रुंदी मापून घेतली. "पाच दिवसानं ये."

पाचव्या दिवशी रंभा लेकीला कडेवर आणि एक कोहळे डोक्यावर घेऊन आली. टोपले तयार होते. ओल्या बांबूचा वास त्याला अजून होता. खाली चार आखूड पाय, वर धरायला कडी, काठाला आतून बाहेरून बारीक कामटीची गुंडाळी. रंभाने कोहळे आत ठेवले आणि टोपल्याला पायाने ढकलले. टोपले सरकले. तिने पुन्हा, जरा जोराने ढकलले. टोपले सरकले, पण कलले नाही. कोहळे आत जागच्या जागी राहिले.

सुकरी तोंडाला पदर लावून हसली. "कोहळं सुखरूप हाये. आता पेडगीले ठेव, तुह्या पोरीले."

रंभाने सोबत आणलेली गोधडी दुमडून आत घातली. सुकरीने ती काढून टाकली आणि एक पातळ चटई पसरली.

"मऊ नको. तोंड रुतते. उताणी झोपव. तोंडाजवळ कापड ठेवू नको."

लेक टोपल्यात उताणी पडून विणीकडे बघू लागली. रंभा खाली, टोपल्याशेजारी अंगणातच आडवी झाली आणि हात आत घालून पाहिला. हात बरोबर लेकीच्या छातीवर पोचला. ती उठणार, तेवढ्यात सुकरीने तिच्याकडे निरखून पाहिले.

"असं काऊन पडतेस वो, अंग चोरून? काट्यावर झोपल्यासारखी?"

रंभा उठून बसली. पदर सारखा केला. उत्तर द्यायचे नाही असेच तिने ठरवले होते.

"माह्यानं एक पोरगं दबलं," ती म्हणाली. "झोपीत. सव्वा महिन्याचा होता."

हे तिने स्वतःच्या तोंडाने आजवर कोणालाच सांगितले नव्हते. सुकरीच्या हातातली कामटी थांबली नाही. विळा तिच्यावरून सावकाश फिरत राहिला, पातळ साल निघून मांडीवर पडत राहिली.

"तू पाहिलं?"

"काय?"

"दबतानी. त्याच्या अंगावर तू होती का?"

रंभाने आठवून पाहिले. ती पहाट तिने हजार वेळा आठवली होती, पण कोणी असे विचारले नव्हते. "नाई. मी इकडे, तो तिकडे. माह्या हाताशी होता. उताणा."

"तोंड मोकळं?"

"मोकळं."

सुकरीने विळा खाली ठेवला.

"मले पाच झाले. तीन हायेत. दोन नंबरचा पेडा, पोरगा, दोन महिन्यांचा होता. मोहफुलं वेचाले गेली होती. असंच टोपलं, मीच विनलं होतं. झाडाखाली सावलीत ठेवलं, दूध पाजून. मी पुढं वेचून राह्यली, दर घडी मान वळवून पाहून राह्यली. ऊन सरकलं म्हणून टोपलं सरकवाले गेली." ती थांबली. "गेला होता. साप नाई, मुंगी नाई, ताप नाई. अंगावर कापड नाई. बाजूले कोणी नव्हतंच, तर दाबन कोण?"

कोंबडी कामट्यांच्या ढिगात काहीतरी टोचत होती. सुकरीने तिला हाकलले.

"टोपलं चांगलं होतं. तरी गेला. मी मंग चार वर्सं टोपल्याले हात लावला नाई."

"मंग मले हे काऊन सांगतेस?" रंभाचा आवाज चिरकला. "आता मी हे घेऊन जाऊ कशी?"

"घेऊन जा. ह्याच्यातून पोरगी पडणार नाई, अडकणार नाई, तिच्यावर कोणी लोळणार नाई. तेवढं माह्या हातचं हाये, ते मी केलं. बाकीचं केलं म्हणून तुले खोटं सांगू काय?"

रंभाने बाजूला पडलेली गोधडी घडी करून खांद्यावर टाकली. लेक टोपल्यात झोपी गेली. परत निघताना सुकरीनेच कोहळे तिच्या डोक्यावर चढवले आणि टोपल्याची कडी तिच्या हातात दिली. आत लेक झोपलेली होती. एका हाताने ते खरेच उचलता येत होते.

गुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने टोपले पाहिले, सुपडे बाजूला ठेवले, आणि वाकून काठावरून, विणीवरून हात फिरवला. कुठे टोचते का पाहिले. टोचत नव्हते.

"बरं केलं हाये," ती म्हणाली. "पण मी म्हणतो, तरीबी—"

"आत्याबाई, मी त्याले दाबलं नव्हतं."

गुणाबाईचा हात काठावरच राहिला.

"कोण म्हणलं?"

"कोणी नाई. मीच म्हणून राह्यली."

एरवी रंभाची नजर सासूच्या पायांवर असे. आज ती तोंडाकडे पाहत होती. गुणाबाईच नजर काढून घेऊन सुपड्याकडे वळली. तांदळातला एक खडा तिने उचलला, अंगणात फेकला. मग दुसरा. तिसरा तिला सापडेना, तरी बोटे तांदळात फिरत राहिली.

"त्या दिवशी माह्या तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "निघाल्यावर मले ते घेता नाई आलं मांगं."

रंभाने लेकीच्या पायांवर आलेले ऊन पाहिले. तिने टोपले सावलीत सरकवले.

लटारू आला त्याच्या तिसऱ्या दिवशी ते निघाले. लेक इथेच राहू दे, असे गुणाबाई पुन्हा म्हणाली नाही. गाडीत आधी पेंढा पसरून त्यावर टोपले नीट बसते का हे तिनेच पाहिले. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

मूल गावी पहिला मुक्काम झाला. रात्रभर रंभा टोपल्याशेजारी बसूनच होती. लटारूने दोनदा जागे होऊन तिला बसलेली पाहिली आणि दोन्ही वेळा कूस बदलली. सकाळची मोटार त्यांना वैनगंगेच्या घाटावर सोडून गेली. डोंगा पलीकडच्या काठाला होता. तो येईपर्यंत ते एका झाडाखाली वाळूवर बसले. रंभाने लेकीला पाजले, टोपल्यात ठेवले, आणि मग नदीकडे बघत सुकरीने सांगितलेले सगळे नवऱ्याला सांगितले. मध्ये थांबली नाही.

लटारूने वाळूतली एक काडी घेतली आणि तिचे तुकडे केले.

"मले कधीच वाटलं नाई का तू दाबलं म्हणून," तो म्हणाला.

"कधीच?"

"नाई."

"मंग दोन वर्सं बोलले काऊन नाई?"

लटारूने काडीचे तुकडे वाळूत पुरले. वर्गात पोरांना एकेक अक्षर घोकवणारा माणूस, वाळूवर नजर लावून बसला. रंभाने लेकीच्या अंगावरून एकदा हात फिरवला. मग चटईचा तुकडा पसरून ती टोपल्याशेजारी आडवी झाली.

"जरा पाठ टेकवतो," ती म्हणाली. "डोंगा आला का उठवा."

"झोप. मी बसून हावो."

तिचा हात टोपल्यात होता. थोड्या वेळाने लटारूने पाहिले, तिची बोटे सैल झाली होती. पाय लांब पसरले होते, तोंड किंचित उघडे पडले होते, आणि दुसरा हात डोक्याच्या वर वाळूत टाकलेला होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती अशी झोपायची. आत लेकीची छाती वरखाली होत होती. त्याने वाकून लेकीच्या नाकाशी हाताची पाठ धरली, ऊब लागली, आणि मग तसाच हात त्याने रंभाच्या तोंडासमोर धरून पाहिला.

डोंगा काठाला लागला. माणसे, गाठोडी, एक शेळी चढली. बुधू नावाड्याने बांबू वाळूत रोवून हाक दिली.

"ओ मास्तर! चाला, सुटून राह्यला डोंगा! ह्याच्या मांगं आता दुपार कलल्यावरच येईन!"

पलीकडची मोटार त्या डोंग्याच्या वेळेवरच सुटायची. ती चुकली की आज आरमोरीचा मुक्काम नाही, उद्या कुरखेडा नाही, आणि परवा सकाळी शाळेला कुलूप.

लटारूने बुधूला हात वर करून नुसता हलवला, जा म्हणून.

बुधू क्षणभर थांबला. मग त्याने बांबू रेटला आणि डोंगा पाण्यात सरकला. ऊन फांद्यांतून खाली उतरून रंभाच्या कपाळापर्यंत आले होते. लटारू उठला, सूर्याकडे पाठ करून, तिच्यावर आणि टोपल्यावर आपली सावली पडेल असा उभा राहिला, आणि ऊन सरकेल तसा पाऊल पाऊल सरकत राहिला.