काटा दहावर होता

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी भिंतीवरच्या घड्याळासारखा दिसतो, पण मला वेळ सांगता येत नाही. मी एक जुना दाबमापक आहे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती, एवढे एकच मला ठाऊक. माझ्या पोटात एक वाकडी पितळी नळी आहे. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते, तिच्या ओढीने एक दातेरी चाक सरकते आणि माझा काटा पुढे जातो. वाफ कधी स्वस्थ बसत नाही, त्यामुळे मीही कधी स्वस्थ बसलो नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या धुलाईखान्यात आलो. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे डोंगर यायचे. पाणी तापायचे ते वाफेवर आणि कपडे वाळायचे तेही वाफेवरच. माझ्या तबकडीवर शून्य ते चौदा किलो दाबाचे आकडे होते आणि सातवर लाल रेघ होती. दाब त्या रेघेपुढे गेला की सुरक्षा झडप आपोआप उघडायची आणि जादा वाफ बाहेर जायची. त्या झडपेच्या आडव्या दांड्याला मोजून-मापून एकच वजन टांगलेले होते.

बॉयलर ताई चालवायची. सकाळी भट्टी पेटवण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. कुणाचे नाव घ्यायची ते मला कधी ऐकू आले नाही. मग दिवसभर दर अर्ध्या तासाला माझ्या काचेवर नखाने टिचकी मारायची, कारण काटा अडकला असेल तर त्याने सुटतो. आकडा वाचून ती भट्टीकडे ओरडायची, "साडेसहा!" कोळसा टाकणारे मामा पलीकडून ओरडायचे, "साडेसहा ऐकलं!" त्यानंतरच आकडा वहीत जायचा. आवाज एवढा असायचा की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

"ताई, तुझ्या ओरडण्यानंच वाफ होते. कोळसा उगाच जाळतो आपण," मामा म्हणायचे.

"मग तुम्ही बसा की मामा! पगार मात्र कोळशाकडून घ्या."

अशी तेरा वर्षे गेली. पहिली नऊ वर्षे दर वर्षी माझी तपासणी झाली. पुढची चार वर्षे तपासायला कोणी फिरकले नाही. येणारे-जाणारे नुसती काच पुसायचे, 'छान चाललाय' म्हणायचे आणि पुढे जायचे.

एका हंगामात काम दुप्पट झाले. कपडे लवकर वाळेनात. तेव्हा व्यवस्थापक साहेबांनी एक जुनी कोळशाची इस्त्री आणली आणि झडपेच्या दांड्याला, त्या मोजलेल्या वजनाशेजारी टांगली. आता झडप सातला उघडणार नव्हती. ताई म्हणाली, "साहेब, हे बरोबर नाही." साहेब म्हणाले, "आठवडाभराचा प्रश्न आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने टिचकी मारली आणि ओरडली, "दहा!" मामा ओरडले, "दहा ऐकलं! ताई, मी भट्टीतला विस्तव बाहेर ओढतो!" दारात उभे असलेले साहेब म्हणाले, "चालू ठेवा." ताईने वहीत दहा लिहिले आणि इस्त्री काढायला शिडीकडे धावली. ती पोहोचण्याआधीच भट्टीवरच्या वाफेच्या नळाचा सांधा सुटला. मामांचा उजवा हात आणि पाठ भाजली.

त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत इस्त्री दांड्यावरून नाहीशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब एक कागद घेऊन आले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, दाब सातच होता. हा दाबमापक जुना झालाय, म्हणून दहा दिसला. मामांनी वाफेच्या नळाची झडप झटक्यात उघडली म्हणून सांधा गेला. एवढं लिहिलंय, सही करा."

"मामांनी त्या झडपेला हातच लावला नव्हता."

"अहो, दोष काट्यावर चाललाय. त्याला काय बायको-पोरं आहेत?"

"काट्यावर टाकलेला दोष मामांच्या पाठीवर पडतोय, साहेब. त्यांची नोकरी जाईल, औषधपाणी बंद होईल, राहती खोली जाईल."

"एका पितळी नळीवर एवढा विश्वास?"

ताईने हातात दिलेले पेन कागदावर परत ठेवले. "मी ज्याचं नाव घेऊन भट्टी पेटवते, त्याच्यापुढे उद्या ही सही घेऊन कशी उभी राहू?"

त्याच दिवशी तिला बॉयलरवरून काढून ओल्या चादरी निवडायला बसवले. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. कुठलाही दाबमापक स्वतःला तपासू शकत नाही. नळी थकली असेल, दाते झिजले असतील, तर मला कसे कळणार? तिने माझ्या आकड्यावर सगळे पणाला लावले होते, आणि तो आकडा खरा होता की नाही हे मलाच माहीत नव्हते!

जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्यापासून दूर बसू लागल्या. एकीने टोमणा मारला, "काय गं, आता चादरी पण ओरडून मोजणार का?"

"मोजते की! एक! आणि तू धुतलीस, डाग तसाच आहे!" ताई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या, पण जवळ कोणी सरकले नाही.

आठव्या दिवशी फिटर पाना घेऊन आला. मला काढून भंगारात टाकायचा हुकूम होता. ताई हातातली चादर टाकून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा. मला वरून हुकूम आहे."

"मलाही वरूनच आहे. अपघात तपासायला सरकारी तपासनीस येईपर्यंत हा इथून हलणार नाही."

फिटरने तिच्याकडे पाहिले, मग दाराकडे. पाना खिशात सरकवून तो मोठ्याने म्हणाला, "छे! पाना कुठं ठेवला आठवत नाही. उद्या बघू." ते 'उद्या' त्याने तीन दिवस पुढे ढकलले.

अकराव्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी मला काढून तेलाच्या दाबयंत्रावर बसवले आणि नेमक्या दाबाचे एकेक वजन चढवायला सुरुवात केली. दोन. चार. सात. माझा काटा एवढा थरथरत होता की त्यांनी दोनदा टिचकी मारली. शेवटी दहा किलो दाबाचे वजन चढले. काटा साडेनऊवर थांबला.

"बघा!" साहेब ओरडले. "चुकतोय!"

"चुकतोय खरा, पण कमी दाखवतोय," तपासनीस म्हणाले. "म्हणजे बाईंनी दहा लिहिलं तेव्हा आत दहाच्याही वर होतं." मग ते शिडीवर चढले. झडपेच्या दांड्यावर गंजात एक चकचकीत घासलेली खूण होती. "इथं काय टांगलं होतं?"

चादरी वाळवणारी यंत्रे थांबली होती. मग मागून फिटरचा आवाज आला, "इस्त्री, साहेब. आमच्या साहेबांनीच माझ्या कपाटात लपवायला दिलीय."

मामांवरचा ठपका पुसला गेला. औषधपाणी सुरू राहिले, खोली राहिली. उजवा हात मात्र अजून पुरता मिटत नाही. साहेबांवर चौकशी बसली. ताई बॉयलरवर परत आली. आणि मी? खरे सांगितल्याचा दाखला ज्या चाचणीत मिळाला, त्याच चाचणीत मी नापास झालो. अर्धा किलो चूक चालत नाही. आता मी बॉयलरचे काम शिकवणाऱ्या एका शाळेत कपाटात आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची नुसती काच पुसू नका, आम्हाला तपासत चला. चार वर्षे कोणी विचारले नाही, म्हणून त्या अकरा दिवसांत एका बाईला माझ्या झिजलेल्या दात्यांवर उभे राहावे लागले. आणि माझे कौतुक तर मुळीच करू नका. दाब वाढला की माझी नळी सरळ व्हायला बघते, तिला दुसरे काही जमतच नाही. ताईला जमले असते. कागद समोर होता, पेन हातात दिले होते, आणि सही फक्त चार अक्षरांची होती.