पायडलावर टेकलेला घड

पापडी गावात चर्चच्या मागच्या आळीत लिडियाबाईंचा व्यायामोपचाराचा छोटासा दवाखाना आहे. तिथे खिडकीजवळ उभा असलेला विजेचा पलंग तो मी. बाई मला टेबल म्हणतात, पण गावाच्या तोंडी पलंगच आहे. मित्रांनो, माझ्या पाठीचे रेक्झिन आता दोन ठिकाणी उसवले आहे. त्याचे मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मुंबईच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि १९८२ साली टेम्पोत आडवा पडून इथे आलो. माझ्या पोटाखाली लोखंडाचे दोन जाड हात कात्रीसारखे जोडलेले आहेत. जमिनीवर एक पायडल आहे. ते डावीकडे दाबले की कात्री उभी होते आणि मी वर जातो. उजवीकडे दाबले की कात्री मिटते आणि मी खाली येतो. बाईंनी पहिल्याच आठवड्यात पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावले: रोगी चढताना-उतरताना टेबल अगदी खाली आणावे. चाकांचे खटके लावावेत. टोकावर बसू नये. हलवण्याआधी खाली वाकून पाहावे. वीज गेली की भिंतीतली पिन काढावी. नव्या रोग्याला त्या हे सगळे वाचून दाखवत.

कौतुकही माझ्या वाट्याला पुष्कळ आले. गास गावचे काशिनाथभाऊ कंबर धरून आले होते. मी त्यांना वर उचलले तेव्हा म्हणाले, "बाई, हा तर आमच्या सुनेपेक्षा अलगद उचलतो." सगळा दवाखाना हसला. मी मनातून फुगलो. मला वाटू लागले, माझ्या हातून कुणाला कधी इजा होणारच नाही.

आपल्याकडे दवाखान्यात रिकाम्या हाताने यायची रीत नाही. कुणी पडवळ आणतो, कुणी पानात बांधलेला मोगरा. वाडीतले पहिले काही निघाले की ते बाईंच्या दारी पोचते.

एप्रिलमधल्या त्या दुपारी थॉमस आला. नारळाच्या झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले होते, पण गुडघा वाकत नव्हता. बरोबर बायको ग्रेसी होती, चार वर्षांची बेला होती, आणि ग्रेसीच्या डोक्यावर वेलची केळ्यांचा मोठा घड होता. ग्रेसीची सासू रोझलिनमाय बाहेर ओट्यावर बसली.

"बाई, हा कुठं ठेवू?"

बाई थॉमसचा गुडघा चाचपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठेव गं तिथंच खाली."

ग्रेसीने तो पायडलाशेजारी माझ्या पायाला टेकवून उभा केला. मग बाईंनी थॉमसला माझ्यावर निजवून मला वर नेले, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. थॉमस घामाने भिजला, म्हणून ग्रेसी उशाशी उभी राहून पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने वारा घालू लागली. बेला माझ्याखाली शिरली. मी उंच असलो की खाली छान घर होते.

"बेला, बाहेर ये," ग्रेसी म्हणाली.

"मी भात शिजवते."

"बाहेर ये म्हटलं ना."

"शिजला की येते."

थॉमस हसला. "राहू दे गं. वीज कुठंय, पलंग काय चालत जातोय?"

घड हळूहळू घसरत होता. मला कळत होते. तो पायडलाच्या उजव्या बाजूवर आडवा झाला. माझी पिन भिंतीतच होती.

वीज आली आणि मी खाली निघालो.

मित्रांनो, यंत्राला स्वतःहून थांबता येत नाही. बेलाचा हात कात्रीच्या सांध्यावर होता. ती ओरडली तशी ग्रेसी जमिनीवर पडून दोन्ही हातांनी मला वर रेटू लागली. बाईंनी धावत जाऊन पिन उपटली. मी थांबलो, पण तोवर दोन इवली बोटे मोडली होती.

त्या दिवसापासून गावाने एकच बोलायचे धरले. ओट्यावर रोझलिनमाय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "पोर खाली गेली नि आईला पत्ता नाय. वारा घालत होती म्हणे."  थॉमसला माझ्यावर निजवताना ग्रेसी बेलाला कडेवर घट्ट धरून दाराबाहेर उभी राही. आपणच चुकलो असे तिलाही वाटू लागले होते. मी सगळे पाहिले होते, पण मला तोंड नव्हते. बाईंना तोंड होते. त्या आठ दिवस गप्प होत्या. भिंतीवरचा पुठ्ठाही त्यांनी कुणाला वाचून दाखवला नाही.

नवव्या दिवशी खोलीत चार-पाच रोगी बसले असताना बाई अचानक हातातले काम सोडून उभ्या राहिल्या.

"ग्रेसी, घड तिथं ठेव असं मी म्हणाले. न बघता म्हणाले. पिन काढायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. तू तर तिला हाक मारत होतीस. तुझी चूक नाही."

 ग्रेसी म्हणाली, "बाई, हे बाहेर सांगाल?"

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या ओट्यावर गेल्या. खिडकीतून मला शब्द न् शब्द ऐकू आला.  त्यांचे सांगून झाल्यावर रोझलिनमायचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली: "ग्रेसी, पोर दे इकडं. सकाळपासून उभीच आहेस तू. जा, पानी पी."

बेलाचे एक बोट अजून पुरते मिटत नाही. बाई तिला बोटांचा व्यायाम देतात तो दाराजवळच्या स्टुलावर. ती माझ्याकडे येत नाही आणि तिने यावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. माझ्यासारख्या यंत्राजवळ गेलात तर पायडलाभोवती काही ठेवू नका. वीज गेली की आधी पिन काढा. पायडलावर पाय टेकवण्याआधी वाकून खाली पाहा, रोज पाहत असलात तरी पुन्हा पाहा. आणि एवढे करूनही हातून काही चुकलेच, तर ते त्याच दिवशी बोला. ते आठ दिवस ग्रेसी दाराबाहेर उभी होती.