तोरणाचं चुंबक

“आमच्या बाईंकडून जरा हलगर्जीपणा झाला, मॅडम,” जयवंत फोनवर म्हणाला, आणि बर्नर पुसणाऱ्या क्लाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यात ती केस काळे असल्यापासून काम करत होती. ऑप्टिकल फायबर ज्योतीवर ओढून बारीक करायचा, काचेच्या नळीत ओवायचा, नळीत काळा चुंबकी द्रव भरून टोकं बंद करायची. जवळ चुंबकक्षेत्र आलं की द्रव बदलतो, त्याबरोबर फायबरमधला प्रकाश बदलतो, आणि क्षेत्र किती ते कळतं. विजेच्या मोठ्या यंत्रांत तांब्याची तार न्यायची सोय नसते, तिथे हा सेन्सर लागतो.

हलगर्जीपणा म्हणे! दसऱ्याला यंत्रांची पूजा जयवंतने केली होती. लोखंडी रॅकवर झेंडूचं तोरण टिकेना, म्हणून ड्रॉवरमधलं सगळ्यात दांडगं चुंबक त्याने रॅकवरच्या तयार सेन्सरच्या अगदी मागे चिकटवलं आणि सुट्टीवर गेला. द्रवातले लोखंडाचे कण एका बाजूला ओढले जाऊन त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि ऑर्डरचा तो सेन्सर वाया गेला. आज सकाळी क्लाराने ते चुंबक त्याच्यासमोरच ओढून काढलं, तेव्हा “अरे देवा, माझ्या लक्षातच नाही आलं,” असं हाच माणूस म्हणाला होता.

“काय बोललात तुम्ही?” त्याने फोन ठेवताच तिने विचारलं.

“क्लाराबाई, समजून घ्या ना. मालकानेच घोळ घातला म्हटलं तर ऑर्डर जाईल. तुमचं काय जातंय?”

“माझं नाव जातंय.”

“यार, तुमचं नाव घेतलंच नाही मी.”

“इथे दुसरी बाई आहे कोण?”

त्याने खांदे उडवले. संताप येतो तो अशा खांद्यांचा. मरोळ गावठाणातल्या तिच्या घरापासून या गाळ्यापर्यंत आजवर कोणी तिच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि हा तोरणवाला ठेवणार!

दुपारी त्या फोनवरच्या, सेन्सर विकत घेणाऱ्या कंपनीच्या मधुवंती मॅडम आल्या. नवा सेन्सर समोर बनवून दाखवायचं ठरलं होतं. क्लारा कामाला बसली नाही.

“सर, चुंबक कोणी लावलं ते आधी मॅडमना सांगा.”

जयवंत फोनमध्ये बघत राहिला. मधुवंती अवघडून म्हणाली, “जाऊ दे ना. कोणीही लावलं असेल.”

त्या ‘जाऊ दे’ने क्लाराच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बसली, ज्योत पेटवली, फायबर ओढायला घेतला. रागाने हात थरथरत होते. फायबर तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

“बघितलंत?” जयवंत हलक्या आवाजात मधुवंतीला म्हणाला. “वय झालंय. बोलता येत नाही हो आपल्याला.”

क्लाराला ते नीट ऐकू आलं. तिने ज्योत विझवली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

“मॅडम, बसा,” ती म्हणाली. “हे वयाचं नाही. माझा राग आहे हा. तो उतरला की हात स्थिर होतील. तोवर कोणी जायचं नाही.”

जयवंत कसनुसा हसला. मधुवंतीने स्टूल ओढलं आणि ती समोर बसली. टेबलावर क्लाराचे हात अजून थरथरत होते. तिने ते झाकले नाहीत.