शुक्रवारी न आलेला भाव

कोन गावच्या सप्ताहाच्या मंडपात कीर्तन राहिलं बाजूला. माणसं माना उंचावून बघत होती ती हरेशकडे. डोळ्यांतून धारा, अंग घामानं निथळलेलं, ओठांवर लाळ, दंडाचं मांस आपोआप फुरफुरतंय.

कीर्तनकारांच्या हातचा माईक ओढून, सप्ताहात मुक्कामाला आलेले धर्मराज महाराज गरजले, "अष्टसात्त्विक भाव! घाम, कंप, अश्रू, मोजून घ्या! तुम्ही नुसते टाळ कुटा, याला देवानं दत्तक घेतलाय!" आणि त्याच दमात, "जागरणाचा अंगारा मंडपामागे मिळेल. दोन शिफ्ट मारल्या तरी डोळा लागणार नाही. देव जागा, भक्त जागा!"

देवाचं ठाऊक नाही, महाराज मात्र चांगलेच जागे होते.

हरेशच्या पायांवर पहिलं डोकं ठेवलं ते त्याच्या सख्ख्या मामानं, बुधाजीनं. चाळीस वर्षं त्यानं कीर्तनं ऐकली होती. ही आठ लक्षणं कानांनी शंभरदा ऐकलेली, डोळ्यांनी आजच पाहिली, आणि तीही बहिणीच्या पोटी! म्हाताऱ्याचा ऊर भरून आला.

हरेश तळोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर कीटकनाशकाची पावडर पिशव्यांत भरायचा. सप्ताह सुरू झाल्यापासून कामाच्याच कपड्यांत मंडपात यायचा. बुधाजीनंच सांगितलं होतं, "आंगोळीत येळ नको घालवू. देव कपडं बघत नाय, भाव बघतो."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. हरेश न्हाऊन पहिल्या रांगेत बसला. अभंगामागून अभंग झाले, डोळे कोरडे ठणठणीत.

"काय वो मामा," हरेशची बायको दमयंती म्हणाली, "देवाला बी शुक्रवारची सुट्टी हाय का?"

"जिभेला हाड हाय का तुज्या? भाव म्हंजे काय नळ हाय, सोडला की आला?"

"अंगारा खाऊन डबल ड्युटी मारतान. झोप नाय. दाक्तरीणबाईंना दाखवू."

"देवाच्या मानसाला सुई टोचतेस?" बुधाजीनं तोंड फिरवलं.

शनिवारी पुन्हा कामावरून थेट आलेला हरेश भर कीर्तनात कोसळला. घशात घरघर, हातपाय आचके देऊ लागले. "समाधी! हात लावू नका!" महाराज ओरडले. माणसं पुढे धावली, त्यांना आडवा झाला बुधाजी. दमयंतीनं त्याला ढकललं आणि नवऱ्याला रिक्षात घातलं. बुधाजीही मागोमाग चढला.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर किशोरींनी बॅटरी मारून पाहिलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. त्यांनी आधी कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं, मग अ‍ॅट्रोपिनची सुई दिली. पुन्हा दिली. हळूहळू लाळ आटली, घाम वाळला, डोळ्यांच्या धारा थांबल्या. बुधाजी बघतच राहिला. भाव सुईनं उतरला होता.

"किड्याच्या नसा बिघडवणारं विष माणसाच्याही नसा बिघडवतं, काका," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीतून शिरतं, मळलेल्या कपड्यांतून शिरतं. डोळ्यांचं पाणी, लाळ, थरथर, सगळं त्याचंच."

दमयंतीनं पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. "मंडपामागं महाराजांचा चेला ह्या कुटून राखेत मिसळीत व्हता."

"झोप उडवायच्या गोळ्या! शरीर थांब म्हणत होतं, यांनी त्याचं तोंड दाबलं. म्हणून दुप्पट काम, दुप्पट विष." डॉक्टरांनी विचारलं, "पण कामावरून आल्यावर आंघोळ का नाही केली?"

दमयंतीनं मामांकडे पाहिलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बुधाजीला वाटलं.

हरेश वाचला. पण हात थरथरतो, शर्टाची बटणं बायको लावते, आणि लेकीला हाक मारताना तिचं नाव आठवायला त्याला क्षणभर थांबावं लागतं.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, महाराज अंगाऱ्यासकट पसार झाले होते. बुधाजी कीर्तनकारांच्या पाया पडला आणि लोकांसमोर उभा राहिला.

"आंगोळ नको म्हननारा मी. हात लावू नका म्हनून आडवा पडनारा मी. महाराज लबाड व्हता, पन त्याचा टाळकरी मीच व्हतो."

"अरे, पन आठ लक्षनं तर जुळली व्हती!" कुणीतरी म्हणालं.

"जुळली. चाळीस वर्सं ती लक्षनं मोजाया शिकलो, सुट्टीचा वार मोजायचा राहिला. तो मोजला हिनं." त्यानं दमयंतीकडे बोट केलं. "कीर्तन मी मरेपर्यंत ऐकनार. तुमी बी ऐका. पन कुनाचं अंग थरथरलं तं पाया पडू नका. कपडं उतरवा, आंग धुवा, दवाखान्यात न्या. झोप आली तं झोपा. झोपही देवानंच दिलीय, ती उडवनारा अंगारा त्याचा नाय."

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांना धार लागली, अंग कापू लागलं. कुणी पाया पडलं नाही. दमयंती तेवढी उठली, आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.