जिन्याखालच्या मगात मी अडकलोय

मी चार बोटं रुंदीचा ब्रश बोलतोय. जरा खाली वाका, जिन्याखाली त्या पोत्याआड बघा. प्लास्टिकच्या मगात डोकं खाली, पाय वर करून उभा आहे तो मीच.

माझं घराणं मोठं. माझ्या रंगाऱ्याच्या हातात असताना मी अशी सरळ रेघ ओढायचो, की मुंग्या वाट सोडून तिच्यावरून चालायच्या. एकदा कोऱ्या भिंतीवर मी दार रंगवलं, तर घरमालक त्यातून आत जायला निघाला. कपाळावर टेंगूळ आलं, पण दाराची तारीफच करत होता. खोटं वाटत असेल तर त्याच्या टेंगळाला विचारा.

काम संपलं की रंगारी मला आधी रद्दी कागदावर पुसायचा, मग टर्पेंटाईनमध्ये तीनदा खळबळून, तळहातावर साबण घेऊन धुवायचा. वर कंगवा. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर उजाड माळरान, त्यामुळे बायको म्हणायची, घरातला एकमेव कंगवा ब्रशाला लागतो. मग कागदात गुंडाळून खिळ्याला टांगायचा.

असं राजेशाही चाललेलं असताना रंगाऱ्याच्या बायकोच्या भावाला आपल्या घरच्या खिडक्यांचे गज रंगवायची हुक्की आली. रंगारी मला द्यायला तयार नव्हता. भाऊ मोठा की ब्रश, असं तिनं विचारलं. त्यावर शहाणा नवरा काय बोलणार? देताना एवढंच म्हणाला, "काम झालं की आधी हा धुवायचा. चहासुद्धा नंतर."

मेहुण्यानं गज छान रंगवले. मग म्हणाला, घोटभर चहा घेऊ. तेवढ्यापुरतं मला मगभर पाण्यात बुडवलं, कारण पाण्यात ऑइलपेंट वाळत नाही असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. खरंही आहे ते, पाणी आहे तोवर! चहानंतर त्याला डुलकी लागली, डुलकीनंतर विसर पडला. पाणी रोज बोटभर उडत गेलं. माझे केस तळाशी दुमडले आणि हिरव्या रंगात एकमेकांना चिकटत गेले. आता मान वळवता येत नाही.

आज रंगारी स्वतः आला. इथून तीन हातांवर खुर्ची टाकून बसला आणि माझी चौकशी केली.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक. "दाजी, तो... हरवला हो."

रंगारी मग म्हणाला, "हरवला तर हरवला. वस्तू हरवते. वाळवून मारला असतास, तर तुझ्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नसतं."

झालं! मेहुण्यानं पायानंच मग आत सरकवला आणि वर पोतं टाकलं. मला हाक मारायची होती, पण तोंडच रंगात रुतलेलं. आता तो मला धुवायला बाहेर काढणार नाही, फेकायलाही नाही. कुणी पाहिलं तर?

मेहुणेबुवा, माझ्या पोटातले थोडे केस अजून ओले आहेत. पोतं काढा, मला उचला आणि दाजींच्या हातात द्या. ते रागावतील, अबोला धरतील, वर्षभरानं पुन्हा बोलायला लागतील.

मला मात्र उद्यापर्यंतसुद्धा थांबता येणार नाही.