निळ्या वेलीखालची जमीन

मार्लिन टीगार्डनच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं. दुखण्याचं नाव कोल्बी रेक्सरोड.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून गॅसची पाइपलाइन न्यायची म्हणजे आधी सरकारी पर्यावरण तपासणी. हे काम मार्लिननं जन्मभर केलं. फाइल आधी मासेवाल्या खात्याकडे, त्यांचं झालं की जंगलवाल्यांकडे, मग पुराणवस्तूवाल्यांकडे. वर्षानुवर्षं लागायची. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, "एवढी घाई असेल तर कंपनीनं पाइप डोक्यावरून न्यावा." आणि हा कालचा पोरगा आला नि म्हणाला, सगळ्या खात्यांना एकाच टेबलाशी बसवू. बसवलं की मेल्यानं! वर्षाच्या आत काम उरकायला लागलं. हॅम्रिकसाहेबांचं उठताबसता "आपला कोल्बी, आपला कोल्बी." साहेब उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्यांची खुर्ची आपलीच, असं मार्लिन धरून चालली होती. आता त्या खुर्चीकडे पाहिलं की तिला कोल्बीच बसलेला दिसायचा.

एप्रिलमध्ये सगळी खाती मिळून पाइपलाइनचा मार्ग पायी बघायला निघाली. हीही कोल्बीचीच टूम. पिशव्यांत पेपरोनी सॉसेज भरलेले पाव, हातांत नकाशे, आणि हा पठ्ठ्या एकेकाला हात देऊन ओढा पार करवतोय.

"सांभाळून हं, मार्लिन, दगड निसरडे आहेत."

"तुझ्या जन्माआधीपासून हे दगड तुडवतेय मी," ती फणकारली.

ओढ्यापलीकडच्या उतारावर झाडांखाली निळ्या फुलांची वेल जमिनीलगत पसरली होती. "काय सुंदर!" म्हणत सगळे तिच्यावरूनच गेले. मार्लिन मात्र थबकली. ही वेल इथल्या रानात आपोआप येत नाही. ज्यांना कोरलेले दगड परवडायचे नाहीत ती डोंगरातली माणसं ती आपल्या मेलेल्यांवर लावायची. पानं बाजूला सारली असती तर खाली रोवलेले ओबडधोबड धोंडे दिसले असते. आणि पाइपलाइनची आखणी नेमकी त्यांच्यामधून गेली होती.

तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कळू दे की लोकांना, झटपट तपासणीत काय होतं ते! जाहीर सभेत गावकरी उठतील, याची चांगली फजिती होईल. वेलीला वळसा घालून ती पुढे गेली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

सभा गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. ओटी लँट्झ नावाची म्हातारी काठी टेकत उठली. मार्लिन खुर्चीत पुढे सरकून बसली.

"त्या उतारावर माझी धाकटी बहीण पुरलीये, तीन वर्षांची होती," म्हातारी म्हणाली. "तिच्या अंगावरून नळ नेणार का रे तुम्ही?"

"नाही आजी," कोल्बी म्हणाला. "ती थडगी सापडली आम्हाला. लाइन वरच्या कड्याकडून वळवलीये, हा बघा नवा नकाशा. श्रेय या मार्लिनबाईंचं. आम्ही सगळे गाढवासारखे तुडवत गेलो. या एकट्या वळसा घालून गेल्या, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुराणवस्तूवाल्यांना घेऊन परत गेलो."

टाळ्या पडल्या. साहेबांनी मार्लिनची पाठ थोपटली. म्हातारीनं मार्लिनचे दोन्ही हात धरले. "देव तुझं भलं करो गं पोरी." मार्लिनला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते.

बाहेर गाडीपाशी तिनं कोल्बीला गाठलं. "साहेबांपुढे मोठेपणा मिरवत होतास ना? खुर्चीसाठी?"

"खुर्ची तुम्हीच घ्या हो. मला फिरतीचंच काम आवडतं, साहेबांना केव्हाच सांगितलंय मी." तो किल्ल्या शोधत जरा घुटमळला. "पण मार्लिन, त्या दिवशी बोलायला हवं होतंत. लहान मूल होतं तिथं."

म्हणजे याला सगळं कळलं होतं! कळूनही त्यानं भरसभेत तिची अब्रू राखली होती. चारचौघांत तोंड काळं केलं असतं तर तिनं ते सोसलं असतं, हे मात्र तिला सोसवेना. गाडी निघून गेली तरी ती तिथंच उभी राहिली. खुर्ची मिळाल्यातच जमा होती. आता हेवा वाटत होता तो त्याच्या मनाचा, आणि ते काही साहेब निवृत्त झाल्यावर तिला मिळणार नव्हतं.