माझ्या पोटातली लोकर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. म्हणजे होतो. सध्या निमोण्यातल्या एका पडवीत आडवा पडलोय आणि माझ्या पोटात कोंबडी अंड्यांवर बसलीय.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. खाली मोठा पडदा, तो ढोलासाठी. वर छोटासा पडदा, तो माणसाच्या गळ्यासाठी. म्हस्कूआप्पांनी मला आणि माझ्या जोडीदाराला डेकसकट घरी आणलं. आप्पा धनगरी ओव्या गायचे. जत्रेत कुणीतरी त्यांची कॅसेट भरली होती. आप्पा गेले आणि त्यांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटमध्ये उरला. भाकरी थापून झाली की त्यांची बायको ताईबाई ती लावायची. मी आप्पांचं खाकरणंसुद्धा जसंच्या तसं काढायचो आणि ती डोक्यावरचा पदर सारखा करायची. खोक्याला याहून मोठी शाबासकी कुठली?

पण त्या घरात जालिंदर नावाचा मुलगाही होता. तो रांजणगावच्या कंपनीत लागला. तिथल्या हनुमंत नावाच्या दोस्तानं घरी येऊन मला टिचकी मारली आणि म्हणाला, "याला बेसच न्हाई."

"बेस तर हाय की," ताईबाई म्हणाली.

"आये, त्यो बेस न्हवं. छातीत धडधडतंय त्यो बेस."

नेमकं काय धडधडतं, हे त्या दोन दिवट्यांनाही ठाऊक नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला उताणं पाडलं. छोटा पडदा उपटून उकिरड्यावर भिरकावला. तिथं करवतीनं भगदाड पाडून वडापच्या, शिटा भरून नेणाऱ्या जीपमधला दांडगा पडदा ठोकला. जोडीदाराचीही तीच गत केली. स्पीकरच्या आत लोकर भरतात, असं हनुमंतानं कुठंतरी वाचलं होतं. लोकरीला या घरात काय तोटा? जालिंदरनं माळ्यावरची न धुतलेली लोकर लेंड्यांसकट कोंबली.

मग भावकी बोलावून कॅसेट लावली. पत्रे थरथरले. फळीवरची परात खाली आली. लोकरीतल्या गोचिड्या बाहेर पडून हनुमंताच्या मांडीवर चढल्या. चावल्या तरी गडी डोळे मिटून डुलतच होता. त्याला तोही बेसच वाटला.

ताईबाईनं मला कान लावला. बराच वेळ.

"आता कसं वाटतंय?" जालिंदरनं विचारलं.

"ढोल हाय," ती म्हणाली. "तुझा बाप कुठं हाय?"

जालिंदर उकिरड्याकडं पळाला. कोंबड्यांनी छोट्या पडद्याचा कागद टोचून कधीच संपवला होता. त्यानंतर ताईबाईनं डेक लावलाच नाही. भाकरी थापून झाली की चूल विझवून निजायची. अखेर यवतला दिलेली तिची लेक हर्षदा माहेरी आली, तिनं आपला वीतभर टेप आणला. त्यात कॅसेट घातली. आप्पा खाकरले. ताईबाईनं पदर सारखा केला.

जालिंदर मान खाली घालून ऐकत होता. ओवी संपली तसा हळूच म्हणाला, "आये, ह्याचं झाकाण जरासं उघडून..."

ताईबाईनं टेप उचलला, पदराखाली धरला आणि शेजारच्या घरी जाऊन बसली.

मित्रांनो, असा एखादा जालिंदर तुमच्याही घरात असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. नीट बोलणाऱ्याचा गळा कापून त्याचा ढोल करू नका. आणि हात शिवशिवलेच, तर टेस्टर उचलण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा, तिला यातून कोण ऐकू येतं.